अ‍ॅडमिशन झाली, आता जेवायचं कुठं?

जून-जुलै आला की मला ठरावीक फोन येतात. कुणाचा भाचा, कुणाची पुतणी, कुणा मित्राच्या गावाकडच्या शेजाऱ्यांचा मुलगा पुण्यात शिकायला येणार असतो. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणजे मला सगळं माहीत असणार, असा एक गोड गैरसमज आहे. पहिली पाच मिनिटं कॉम्प्युटर की आयटी, ह्या कॉलेजला प्लेसमेंट कशी, ह्यात जातात. मग पलीकडचा माणूस जरा थांबतो, आवाज थोडा खाली येतो आणि खरा प्रश्न निघतो. "ते राहायचं-जेवायचं कसं काय असतं हो तिकडं?"

मंडळी, हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे. कॉलेजं कुणी काढली, कुठल्या साली काढली, हे शाळेच्या पुस्तकात थोडंफार असतं. पण बाहेरगावचं पोर त्या कॉलेजात शिकत असताना दोन वेळ कुठं जेवत होतं आणि रात्री कुठं पडत होतं, हे कुणी शिकवत नाही. गेल्या काही महिन्यांत मी जुनी आत्मचरित्रं, चरित्रं वाचत बसलो होतो (रिलीज पुढं ढकललं की असे फायदे होतात :-) ), आणि माझं मत असं झालं की आपल्याकडे कोण शिकलं आणि कोण राहिलं, हे वर्गाच्या दारात जितकं ठरलं त्याहून जास्त जेवणाच्या पंगतीत ठरलं. तर ह्या वीकेंडला तेच. यंदा कॉलेजात जाणाऱ्यांच्या कामाच्या गोष्टीही मध्ये मध्ये येतीलच.

मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ साली. बी.ए.ची पहिली बॅच १८६२ ची, आणि बॅच म्हणजे किती, तर चार जण: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पुण्यात विश्रामबागवाड्यात १८२१ साली सुरू झालेली संस्कृत पाठशाळा नावं आणि रूपं बदलत बदलत डेक्कन कॉलेज झाली आणि १८६८ मध्ये येरवड्याच्या दगडी इमारतीत गेली. म्हणजे शिकायचं तर मुंबई नाहीतर पुणं. आणि शिकणारी पोरं कुठली? कोकणातली, कऱ्हाड-साताऱ्याकडची, नाशिक-नगरची. पायी, बैलगाडीनं, कोकणातली गलबतानं येणारी. खिशात पैसे नाहीत, शहरात नातेवाईक असला तर असला.

जेवणाची त्यांची सोय दोन प्रकारे व्हायची. एक म्हणजे माधुकरी. झोळी नाहीतर ताट घेऊन ठरलेल्या घरांपुढं उभं राहायचं, "ॐ भवति" म्हणायचं, मिळेल तो शिजवलेला घास गोळा करायचा. दुसरा जरा प्रतिष्ठित प्रकार म्हणजे वार लावून जेवणं. सोमवारी ह्यांच्याकडं, मंगळवारी त्यांच्याकडं, अशी सात दिवसांची सात घरं पकडायची. आमच्या भाषेत सांगायचं तर राउंड रॉबिन शेड्युलिंग, फक्त बॅकअप सर्व्हर नाही. गुरुवारच्या घरी सुतक आलं, घरची मंडळी परगावी गेली, नाहीतर नवीन सूनबाईंना हा पोरगा आवडेनासा झाला, की गुरुवारी उपास. पाचच वार मिळाले तर दोन दिवस आठवड्याला हक्काचे उपाशी. आणि जेवण फुकट असलं तरी फुकट नव्हतंच. यजमानांची देवपूजा कर, पोरांना पाढे शिकव, बाजारातून भाजी आण, पंगतीत शेवटी बस, वाढलं तेवढंच जेव. ह्या अपमानाबद्दल आणि त्याच घरांतल्या एखाद्या माउलीनं गुपचूप वाढलेल्या तुपाबद्दल जुन्या लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय.

ह्या व्यवस्थेचं आपल्याकडे फार कौतुक होतं. वाराने जेवून शिकले आणि मोठे झाले, असं व्याख्यानात आलं की टाळ्या पडतात. त्यांच्या कष्टाबद्दल प्रश्नच नाही. पण एक गोष्ट त्या टाळ्यांत राहून जाते. वार आणि माधुकरी मिळायची ती ब्राह्मणाच्या पोराला. कुणब्याचा, माळ्याचा, जैनाचा, मुसलमानाचा, महाराचा पोरगा तितकाच हुशार आणि तितकाच गरीब असला तरी सदाशिव पेठेत कुणाच्या दारात ताट घेऊन उभा राहणार? म्हणजे गरिबांसाठीची जी काही सार्वजनिक शिष्यवृत्ती त्या काळी होती, ती अशी शिजवलेल्या भातात मिळायची आणि एकाच जातीला मिळायची. कॉलेजच्या नियमांत जात कुठंच लिहिलेली नव्हती. लिहायची गरजच नव्हती.

बरं, ज्यांना मिळायचं त्यांचंही काही सुखात चाललेलं नव्हतं. गोपाळ गणेश आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, जन्म १८५६ चा. डेक्कन कॉलेजात असताना त्यांच्याकडे एकच सदरा होता, तो रात्री धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी घालून वर्गात जायचं, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. दम्यानं बेजार झालेले आगरकर १८९५ मध्ये गेले तेव्हा त्यांना एकोणचाळीसही पूर्ण नव्हती. त्याच कॉलेजात थोडे आधी आलेले टिळक घरचे बऱ्यापैकी, कॉलेजच्या आवारातच राहायचे. त्यांनी पहिलं वर्ष जवळजवळ सगळं तालमीत, पोहण्यात आणि खाण्यात घालवलं, आणि परीक्षेत नापास झाले. पुढे गणितात पहिल्या वर्गात बी.ए. झाले. ही गोष्ट मी नवीन पोरांना मुद्दाम सांगतो. नापास व्हा म्हणून नव्हे (पालकांनी ह.घ्या.), पण अठराव्या वर्षी घर सोडल्यावर पहिलं जे बिघडतं ते शरीर. सकाळचा नाश्ता बंद, दुपारी वडापाव, रात्री दोनपर्यंत जागरण. पहिल्या सेमिस्टरला आजारी पडणारी मुलं अभ्यासानं आजारी पडत नाहीत.

ह्याचं सगळ्यात दुःखद उदाहरण आनंदीबाई जोशी. १८८३ साली त्या अमेरिकेत गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. राहायला मिळालेल्या खोलीतली शेकोटी धड पेटत नसे, पेटली तर धूर कोंडायचा. म्हणजे थंडीत कुडकुडायचं नाहीतर धुरात बसायचं. शाकाहारी, नऊवारी लुगडं, आणि स्वयंपाक स्वतःचा स्वतः. १८८६ च्या मार्चमध्ये एम.डी. झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात क्षयानं गेल्या, वय एकवीस. आपण त्यांच्या जिद्दीबद्दल लिहितो ते योग्यच आहे. पण एक नीट पेटणारी शेकोटी असती तर, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

आता कोल्हापूरकडे जाऊ या, कारण ह्या गोष्टीतला खरा बदल तिथं घडला.

शाहू महाराजांनी १८९६ साली राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं. सर्व जातींसाठी. कागदावर अगदी आदर्श. पण कारभार ज्यांच्या हाती होता ती मंडळी ब्राह्मण, स्वयंपाकी ब्राह्मण, सोवळंओवळं तेच, आणि काही वर्षांतच तिथं दुसऱ्या जातीचा विद्यार्थी औषधालाही उरला नाही. हे मला फार बोलकं वाटतं. दरवाजा उघडा ठेवला म्हणजे काम झालं असं नसतं, आत स्वयंपाकघर कुणाचं आहे ह्यावर सगळं ठरतं.

महाराजांनी त्यावर काय केलं? १९०१ च्या एप्रिलमध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. त्याच साली जैन बोर्डिंग. मग १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांसाठी, १९०७ मध्ये लिंगायतांसाठी, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह, पुढं नामदेव शिंपी, पांचाळ, सारस्वत... यादी वाढतच गेली. जागा दरबारची, इमारतीला मदत दरबारची, चालवायचं त्या त्या समाजानं. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते उगाच नाही.

ह्यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि माझ्या ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलवरही आला होता. जातीजातीची वेगळी बोर्डिंगं काढून महाराजांनी जात पक्की केली नाही का? मला विचाराल तर, आक्षेप घेणारे १८९६ चा प्रयोग विसरतात. सगळ्यांचं एकत्र असं करून बघितलं होतं, आणि त्याचा अर्थ एकाचंच असा झाला होता. ज्या समाजात पहिला मॅट्रिक झालेला मुलगासुद्धा अजून नाही, त्या समाजाला आधी चार पोरं शहरात टिकवायला स्वतःचं स्वयंपाकघर लागतं. त्या पोरांमधून मग शिक्षक, वकील, संस्थाचालक तयार होतात. नाशिकला १९१४ साली उदाजी मराठा बोर्डिंगपासून जे काम सुरू झालं, त्यातूनच आजची मराठा विद्या प्रसारक संस्था उभी राहिली. आधी चूल, मग शाळा, असा तो क्रम आहे. अर्थात ह्या उपायाला स्वतःची किंमत होतीच, आणि ती लगेच दिसलीही.

कुंभोजचा एक मुलगा कोल्हापुरात जैन बोर्डिंगात राहून शिकत होता. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला तो हजर राहिला. परत आल्यावर बोर्डिंगचा नियम असा की अस्पृश्यांच्या कार्यक्रमाला जाऊन आलास, तर आंघोळ करून मगच पंगतीला बसायचं. पोरगा म्हणाला, आंघोळ करणार नाही. त्याला बोर्डिंगातून काढून टाकलं. त्या मुलाचं नाव भाऊराव पायगोंडा पाटील.

(थोडं अवांतर. ह्याच्या तीनेक वर्षं आधी, १९०५ च्या ऑक्टोबरमध्ये, पुण्यात विदेशी कपड्यांची होळी केली म्हणून सावरकरांना फर्ग्युसन कॉलेजनं दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढलं. दोन्ही ठिकाणी शिक्षा बघा. वर्गातून नाही काढलं, जेवणाखाण्याच्या आणि झोपण्याच्या जागेवरून काढलं. विद्यार्थ्याची मान कुठं पकडायची हे संस्थाचालकांना नेहमीच माहीत असतं.)

भाऊराव मॅट्रिकही झाले नाहीत, पण बोर्डिंग ही काय चीज आहे हे त्यांना बरोबर कळलं होतं. रयत शिक्षण संस्था त्यांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळच्या काले गावी स्थापन केली, आणि १९२४ पासून साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. फरक एकच, पण तोच महत्त्वाचा. सगळ्या जातींची मुलं एकाच पंगतीत. महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन, एकाच चुलीवरचं. १९२७ च्या फेब्रुवारीत गांधीजींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं.

ह्यातलं सगळ्यात कठीण काम भाषण देणं हे नव्हतंच. रोज पन्नास पोरांना भाकरी घालणं हे होतं. ते लक्ष्मीबाई पाटलांनी केलं. सोवळ्यात वाढलेली जैन घरातली बाई, तिनं सगळ्या जातींच्या पोरांना आपल्या हातानं रांधून वाढलं, आणि धान्य संपलं तेव्हा दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. १९३० मध्ये त्या गेल्या. कर्मवीरांचे पुतळे गावोगाव आहेत, लक्ष्मीबाईंचे मला तरी फारसे दिसलेले नाहीत.

बोर्डिंगातल्या मुलांना काम असायचं. झाडलोट, दळण, स्वयंपाक, शेतात पाणी. ही शिक्षा नव्हती आणि नुसती शिस्तही नव्हती, साधा हिशेब होता. पैसा नाही, हात आहेत. ह्याच बोर्डिंगात राहून शिकलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. १९४७ मध्ये साताऱ्यात शिवाजी कॉलेज निघालं, तिथं हीच पद्धत कॉलेजात आली: कमवा आणि शिका. आज पुणे विद्यापीठात आणि त्याच्या कॉलेजांत कमवा व शिका योजना चालते, ती कर्मवीरांच्याच नावानं. नवीन मुलांनी ह्यात नाव घालायला लाजू नये. लायब्ररीत पुस्तकं लावणं, ऑफिसात नोंदी करणं, बागकाम, अशी दिवसाला दोन-तीन तासांची कामं असतात. पैसे फार नसतात. पण लायब्ररीयन ओळखीचा होतो, आणि ऑफिसातली कुठली खिडकी नक्की कशासाठी आहे हे पहिल्याच वर्षी कळतं. इतरांना ते कळेपर्यंत टी.वाय. उजाडतं.

मुलांचं एवढं, तर मुलींचं काय? मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी, डेक्कन कॉलेजची. अख्ख्या कॉलेजात एकटी मुलगी, आणि वर्गात शिरू नये म्हणून मुलं तिच्या तोंडावर दार लावून घ्यायची. पण तिचं घर पुण्यात होतं, म्हणून ती निदान संध्याकाळी घरी जाऊ शकत होती. बाहेरगावच्या मुलीला ही सोयच नव्हती. वार लावून जेवणारी मुलगी, ही कल्पनाच त्या समाजात बसत नाही. म्हणून बायकांच्या शिक्षणाचा आपला इतिहास कॉलेजापेक्षा आश्रमापासून सुरू होतो. कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा, तो १९०० मध्ये हिंगण्याच्या माळावर गेला. पुण्यात रमाबाई रानड्यांचं सेवासदन १९०९ चं. आधी सुरक्षित छप्पर, मग वर्ग. मुलींसाठीचं विद्यापीठ त्यानंतर, १९१६ मध्ये.

कर्व्यांवरून आठवलं. मुरुडचे कर्वे मुलगे असताना परीक्षेसाठी कोकणातून घाट चढून साताऱ्याला पायी चालत गेले, शंभर मैलांहून जास्त. तिथल्या साहेबांनी पोरगा लहान दिसतो, वय कमी वाटतंय, म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही. परत चालत घरी. तात्पर्य काय काढायचं ते काढा, पण शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा आणि वैधतेचा दाखला, अधिवास, तहसीलदाराचा यंदाचा उत्पन्नाचा दाखला, आधारला जोडलेलं बँक खातं, हे सगळं मूळ प्रत आणि चार-चार झेरॉक्स घेऊनच गाव सोडा. आणि स्कॅन करून मोबाईलमध्येही ठेवा.

ह्या सगळ्या इतिहासात राहण्याजेवण्याचा प्रश्न ज्यांनी सर्वात जास्त अंगावर झेलला ते डॉ. आंबेडकर. एल्फिन्स्टन कॉलेजात १९०८ ते १९१२ ह्या काळात शिकताना सयाजीरावांची महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती होती, पण कॉलेजच्या आवारातला हॉटेलवाला त्यांना चहा काय, पाणीही देत नसे. १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथली सुरुवात कुठल्याही देशी विद्यार्थ्याला ओळखीची वाटेल. हार्टले हॉल ह्या वसतिगृहात आठवडाभर राहिले, जेवण मानवेना, अर्धंकच्चं आणि गोमांस. मग कॉस्मोपॉलिटन क्लबात जिथं काही भारतीय मुलं होती तिथं गेले, पुढं लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला, आणि ती मैत्री जन्मभर टिकली. एकाच टेबलवर सगळ्यांबरोबर बसून जेवायचं, कुणी उठून जायचं नाही, हे त्यांना तिथं पहिल्यांदा मिळालं.

आणि मग परत. १९१७ मध्ये कोलंबियात शिकलेला हा माणूस बडोद्याला नोकरीवर हजर झाला आणि गावात त्याला खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि बाहेर काढलं. मुंबईच्या गाडीला वेळ होता, तोवर बागेत झाडाखाली बसून काढले ते तास. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, अगदी कोरड्या भाषेत, आणि म्हणून जास्त लागतं. पुढं बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केल्यावर पहिल्या कामांत एक काम काय केलं, तर १९२५ च्या जानेवारीत सोलापूरला विद्यार्थ्यांचं वसतिगृह काढलं. १९४६ मध्ये मुंबईला सिद्धार्थ कॉलेज निघालं तेव्हा वर्ग सकाळचे ठेवले, म्हणजे नोकरी करणाऱ्या मुलांना शिकून कामावर जाता यावं. १९४४ साली केंद्र सरकारची अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, तेव्हा ते व्हाइसरॉयच्या मंडळात होते. त्या शिष्यवृत्तीत फीबरोबर निर्वाह भत्ता असतो, आणि वसतिगृहात राहणाऱ्याला तो जास्त असतो. फी आणि जेवण ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला अनुभवानं माहीत आहे त्यालाच हे सुचणार.

कारण सरकारांना नेहमी फीच दिसते. स्वातंत्र्यानंतर यशवंतरावांच्या काळात ईबीसी सवलत आली, लाखो घरांतली पहिली पिढी त्यावर शिकली, आणि ते काम मोठंच आहे. पण फी माफ झाली तरी भूक माफ होत नाही. खेड्यातला मुलगा पुण्याला येऊन फर्ग्युसनात किंवा एस.पी.त नाव घालायचा, आणि दिवाळीपर्यंत पैसे संपले की एस.टी. धरून परत. ही गळती बघूनच १९५५ साली डॉ. अच्युतराव आपट्यांनी पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती काढली. ग्रामीण भागातल्या गरजू मुलांना कमी खर्चात राहणं-जेवण, आणि बदल्यात कामाची सवय. ती आजही चालू आहे. त्याहून जुनं पुणे विद्यार्थी गृह, १९०९ चं, मूळ नाव अनाथ विद्यार्थी गृह.

आता आजचं बोलू. ज्यांच्या घरी अ‍ॅडमिशनची गडबड चालू आहे त्यांनी हे जरा नीट वाचा.

कॉलेजची यादी लागण्याची वाट बघत बसू नका, वसतिगृहाचे अर्ज त्याच आठवड्यात भरा. समाजकल्याणची सरकारी वसतिगृहं, कॉलेजचं स्वतःचं, समितीसारख्या संस्थांचं, सगळीकडे भरा. नंतर नको म्हणता येतं, नंतर हवं म्हणता येत नाही. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर तिथंच थांबू नका. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मूळ योजनेत पुण्या-मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार रुपये धरले होते, पैकी ३२ हजार भोजनाचे, २० हजार निवासाचे, ८ हजार निर्वाहाचे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे, ओबीसींसाठी सावित्रीबाईंच्या नावाची आधार योजना, आणि पंजाबराव देशमुखांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. अटी बदलत असतात, त्या त्या वर्षीचा शासन निर्णय बघा, गावातल्या कुणी सांगितलं म्हणून सोडून देऊ नका. फक्त एक धरून चाला: हे पैसे जुलैत हातात पडत नाहीत. पहिले चार-पाच महिने काढायची तजवीज वेगळी हवी. बाप कर्ज काढणारच असेल, तर ते मोबाईलसाठी नको, ह्यासाठी काढू द्या. आणि हजेरी सांभाळा, ७५ टक्क्यांच्या खाली गेली की शिष्यवृत्ती अडकते.

खोली बघायला पालकांना घेऊन जा, पण दिवसाही बघा आणि रात्रीही बघा. कॉट बेसिसवर घेताय तर त्या खोलीत एकूण कॉट किती, हे आधी विचारा, कारण ऑगस्टमध्ये एक वाढते. पाणी किती वाजता येतं, डिपॉझिट कधी परत, हे कागदावर घ्या. पार्टनर निवडताना बहुतेक मुलं आपल्याच तालुक्यातला, आपल्याच पाहुण्यातला शोधतात. पहिल्या महिन्यात त्यानं बरं वाटतं हे खरं. पण शाहू बोर्डिंगच्या मुलांना जे मिळालं ते अशा खोलीत मिळत नाही. तीन जणांत एक तरी आपल्याकडचा नसलेला असू द्या. भांडणं होतील, आमटीत गूळ घालायचा की नाही इथपासून होतील. होऊ द्या.

कुणी रॅगिंग केलं तर गप्प बसू नका. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. यूजीसीची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२.

आणि मेस. मेस लावताना पहिल्या महिन्यात पूर्ण टर्मचे पैसे भरू नका, कितीही सूट देत असले तरी. आधी चार दिवस कूपन घेऊन जेवा, त्यात एक मंगळवार असू द्या, कारण रविवारची फीस्ट सगळीकडेच चांगली असते. खाडे किती दिवसांचे धरतात ते विचारा. सलग तीन दिवस गेलं तरच खाडा, असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो, म्हणजे शनिवार-रविवार गावी गेलात तर पैसे गेले. मेसवाल्या काकूंशी नीट बोला, त्यांच्याकडे पन्नास पोरं जेवतात आणि गॅसचे भाव त्यांनाही लागतात. आजारी पडलात तर खिचडी त्याच देणार आहेत.

रविवारी संध्याकाळी मात्र मेस बंद. त्याची सोय शनिवारीच ठरवून ठेवा.